दादाला सांभाळ, म्हाराजा

देव पोरांना कितव्या वर्षापर्यंत सांभाळतो? दहाव्याला घाटावर मी भटजींना विचारलं. ते म्हणाले, "आधी हात धू." सव्वीस वर्षांचा माझा दादा साध्या तापाने गेला.

तेव्हापासून घरी कोणी आलं की त्याचे किस्से निघतात. एक संपला की दुसरा. आणि प्रत्येकात तो मरता मरता वाचलेला!

*

मरोळच्या आमच्या चाळीत दादाने पाठीला चादर बांधून पहिल्या मजल्यावरून उडी मारली. पॅराशूट! चादर उघडलीच नाही. पण खाली गादीवाल्याने आमच्याच गादीचा कापूस पिंजून ढीग केला होता. दादा थेट त्यात.

"आई, देवाने गादीवाला पाठवला बघ!"

"देवाने? दोन दिवस त्याच्या मागे मी लागले होते, मेल्या!"

*

एकदा कारखान्यांच्या गल्लीतली हातगाडी आम्ही उतारावर सोडली. वर आम्ही दोघं. "काय नाय होवचा," दादा नेहमीसारखं म्हणाला. ब्रेक कुठला? थेट हायवेवर! आणि हायवे रिकामा. एकही गाडी नाही. कुठलातरी मंत्री एअरपोर्टला जाणार म्हणून सगळं ट्रॅफिक अडवलेलं. हवालदार शिट्टी फुंकत मागे धावतोय आणि दादा दोन्ही बाजूंना हात हलवतोय!

*

गणपतीच्या डेकोरेशनची वायर तो दातांनी सोलत होता. बटण चालूच. तेवढ्यात लाइट गेली. अख्खी चाळ शिव्या घालत बाहेर आली. लाइट गेली म्हणून हात जोडणारा माणूस मी तेव्हाच पाहिला, आमचा दादा.

*

आमच्या कोकणात देवापुढे नारळ ठेवून घरातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. सुतक फिटल्यावर बाबा नारळासमोर उभे राहिले, पण तोंडातून शब्द फुटेना. काका मला म्हणाले, "तू घाल रे."

मला कुठे येतं? तोंडाला आलं ते बोललो.

"बा देवा म्हाराजा, तू चुकलस!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे एकदम ओरडले. मग एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी मला कोपर मारलं. मी थांबलो नाही.

"आमचो दादा आता तुझ्याकडे इलो हा. तो 'काय नाय होवचा' म्हणालो तर तेचा अजिबात ऐकू नको. तेचो हात सोडू नको."



मग एकटे बाबा म्हणाले, "व्हय म्हाराजा."