विहीणबाईंनी चाक काढलं

मुलीचं लग्न ठरलं आणि जावयाची आई चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर आली. त्यांचा मुलगा इथे दुबईत दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहत होता, तिथे आईला ठेवणार कुठे? म्हणून साखरपुड्यापर्यंत त्या आमच्याच घरी, अल मनखूलला उतरल्या. विहीणबाई घरात म्हटल्यावर बायकोने नवे पडदे लावले, पाहुण्यांची ताटं बाहेर काढली. मी गाडी धुऊन आणली. तिचे ब्रेक मात्र किंचाळत होते.

महिनाभरापूर्वी गॅरेजमध्ये पॅड बदलून घेतले होते. आवाज राहिलाच, म्हणून पुन्हा नेली, तर तिथला माणूस म्हणाला, "सर, नया पॅड है, डस्ट का आवाज है, अपने आप जायेगा." मला ते सोयीचं वाटलं.

शनिवारी त्यांना समुद्र दाखवायला खोर फक्कानला निघालो. त्या मागे मुलीशेजारी बसल्या होत्या. पहिल्याच सिग्नलला गाडी अशी किंचाळली की शेजारच्या टॅक्सीतल्या माणसाने काच खाली करून पाहिलं. मी गाण्याचा आवाज वाढवला. पुढच्या सिग्नलला तेच झालं. बायको माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे ती किती चिडली आहे ते मला कळलं. मुलगी म्हणाली, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग." विहीणबाई खिडकीकडे कान देऊन बसल्या होत्या. खोर फक्कानला समुद्राकाठी पार्किंगमध्ये शिरताना बाकावर बसलेली अख्खी कुटुंबं वळून बघायला लागली. एका म्हाताऱ्या अरबाने हात वर करून मला थांबायची खूण केली आणि चाकाकडे बोट दाखवलं. मी हसून मोडक्या अरबीत "यल्ला, यल्ला, खलास", चला, झालं, असं काहीतरी बोललो आणि पुढे गेलो.

परतताना विहीणबाईंनी पहिल्यांदाच विचारलं, "हलका ब्रेक मारला की आवाज जास्त येतो ना? आणि जोरात दाबला की कमी?"

खरंच तसं होत होतं. मी म्हटलं, "ताई, तुम्ही नका काळजी करू, सोमवारी दाखवतो."

रविवारी सकाळी नाश्ता झाला आणि त्या म्हणाल्या, "तुम्हाला राग येणार नसेल तर चाक काढून बघू का?"

त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे एवढं आम्हाला माहीत होतं. यजमान गेल्यावर दुकान त्यांनी चालवलं, हेही मुलाने सांगितलं होतं. पण दुकान चालवणं म्हणजे गल्ल्यावर बसणं, अशी आमची समजूत. बायको घाईघाईने म्हणाली, "अहो, तुम्ही पाहुण्या. शोभतं का ते?"

"तुमची लेक बसते ना त्या गाडीत," त्या म्हणाल्या. "उद्या माझाही बसेल."

मी किल्ली घेऊन उठलो.

खाली तळघरातल्या पार्किंगमध्ये मी डिकीतून जॅक आणि पाना काढला. नट मला सुटेनात. त्यांनी मला बाजूला केलं, पान्यावर पाय ठेवून भार दिला आणि नट कर्रकन सैल झाला. गाडी जॅकवर घेऊन चाक काढलं, मग बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि पदर खोचून जमिनीवर बसल्या. मी त्यांच्या बांगड्या धरून उभा राहिलो. मुलीच्या सासूला आम्ही फरशीवर बसवलं होतं, तेही गाडीच्या चाकापाशी.

पॅड नवेच होते. पण आतला पॅड तिरका झिजला होता आणि काचेसारखा चकाकत होता. तो ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्यातली एक कोरडी पडून अडकली होती, तिच्यात वाळू आणि जुनं ग्रीस यांचा दगड झाला होता. "पॅड बदलले, पण पिना साफ केल्याच नाहीत," त्या म्हणाल्या. "ब्रेक सोडला तरी हा डिस्कला घासतच राहतो." मला त्यांनी ब्रेकचं ग्रीस आणि पॉलिश पेपर आणायला पाठवलं.

मी परतलो तर वॉचमन त्यांच्यासमोर उभा राहून सांगत होता, इथे रिपेअरिंग अलाउड नाही. त्याला मी कसाबसा समजावतो तोच वरच्या मजल्यावरचे शेजारी लिफ्टमधून बाहेर आले. माझ्याच ऑफिसातले, मला सिनियर. बघतच राहिले. "अरे वा, लेडी मेकॅनिक? कहाँ से बुलाया?"

मी हातातल्या बांगड्या खिशात सरकवल्या. तेवढ्यात विहीणबाईच मान वर करून म्हणाल्या, "इनकी समधन हूँ." आणि पुन्हा पिन पुसायला लागल्या.

शेजारी काहीतरी पुटपुटत गाडीत बसले. माझी विहीणबाईंकडे बघायची हिंमत झाली नाही. त्या मात्र मला नीट समजावत होत्या, ग्रीस पिनांवर आणि पॅडच्या पाठीला, चुकूनही पुढच्या बाजूला नाही, नाहीतर ब्रेकच लागणार नाही. पॅडची चकाकी त्यांनी पॉलिश पेपरने घासून उतरवली, कडा किंचित तासल्या. मग दुसऱ्या बाजूचं चाक.

शेवटी आम्ही दोघंच एक फेरी मारून आलो. पॅड नीट बसावेत म्हणून गाडीला हळूच वेग द्यायचा आणि हळूच थांबवायची, असं त्यांनी बऱ्याचदा करायला लावलं. आवाज गेला होता. मला तो असता तर बरं वाटलं असतं, कारण त्या शांततेत काहीतरी बोलणं भाग होतं.

"ताई, मघाशी तुम्ही कोण ते शेजाऱ्यांना मीच सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

त्या बाहेर बघत होत्या. "मी मुलाला बजावलं होतं, आई गाड्यांखाली जाते हे सांगू नकोस म्हणून. स्थळ मोडेल असं वाटायचं." मग म्हणाल्या, "पण काल गाडीत तो आवाज ऐकून राहवेना."

मी गाडी घराकडे वळवली. मुलाने आधीच सांगितलं असतं तर आम्ही काय केलं असतं, हे मला माहीत होतं.

घरी बायकोने साखर आणि तेल चोळून त्यांचे हात स्वतः धुतले. नखांतला काळा रंग काही गेला नाही. साखरपुड्याला त्याच हातांनी त्यांनी माझ्या मुलीची ओटी भरली. पाहुण्यांमध्ये ते शेजारीही होते. या वेळी मी शेजाऱ्यांना हाताला धरून विहीणबाईंपुढे घेऊन गेलो आणि ओळख करून दिली, पण आवाज माझा मलाच ऐकू येईना इतका खाली गेला होता.