एका होडीत दोघंच

नोएमीला कुणी कधी घाईत पाहिलेलं नाही. नाताळच्या आधी आमच्या अत्लिस्कोतल्या नर्सऱ्यांच्या रस्त्यावर पुएब्ला शहराहून आलेल्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, लाल पानांच्या नोचेबुएनाच्या कुंड्या उचलून उचलून आम्हा बायकांच्या कमरेचे टाके ढिले होतात, तेव्हाही ही बाई एकेक कुंडी पुसून, वाकडं पान सरळ करून मगच गिऱ्हाइकाच्या हातात देते. माझा गाळा तिच्या गाळ्याला लागून. तिच्या सित्लालीच्या बाप्तिस्म्याला पोरीला हातात धरून उभी राहिले ती मी, म्हणून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. मी तिच्या आईच्या वयाची आहे, तेव्हा तिला चार शब्द सुनावायचा हक्क मी आपणहूनच घेतलाय.

तिचा नवरा इसाउरो चांगला माणूस आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी त्याला नावं ठेवायला नको. थंडी सरली की तो करारावर उत्तरेला, सीमेपलीकडे जातो, तिकडे तंबाखूच्या शेतात राबतो आणि नोचेबुएना लाल व्हायला लागल्या की परत येतो. आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष असेच. सित्लाली लहान असताना तो इथेच होता, त्यामुळे ती बापाला बघितलं की त्याच्या खांद्यावर चढते. उरिएल मात्र बाप तिकडे असताना जन्मला, आणि बाप तिकडे असतानाच चालायला-बोलायला शिकला.

त्या वर्षी इसाउरो आला तेव्हा उरिएल तीन वर्षांचा होता. बाप दारातून आत आला की पोरगं टेबलाखाली. बापाने आणलेली मोटार त्याने घेतली, पण टेबलाखालूनच हात बाहेर काढून. नोएमी नवऱ्याशेजारी बसली की हा मध्ये घुसणार आणि बापाला दोन्ही पायांनी ढकलणार. इसाउरो हसायचा. "लाथ जोरदार आहे गड्याची," म्हणायचा. मग अंगणात जायचा आणि साफ असलेली सायकलची चेन पुन्हा साफ करत बसायचा. त्याची ती पाठ दिसली की मी तोंड फिरवायचे. नोएमीचं काय होत असेल?

एके दिवशी पिशव्यांत माती भरता भरता ती म्हणाली, "कोमाद्रे, मी ठरवलंय. नाताळानंतरचा तीन राजांचा सण झाला की आम्ही मुंदो कोलिब्रीला जाणार. चौघंच."

"त्या पाळण्यांच्या बागेत? वेडी की काय! माझी भाची गेली होती. पोरांचे घसे बसले, आणि नवरा-बायको आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते."

"कारण ते सगळं बघायला गेले होते. मी काहीच बघायला जात नाहीये."

"मग तिकडे जाऊन झोपा काढणार?"

"हो, झोपासुद्धा काढणार."

आणि तिने मला सगळं सांगितलं. कुठे काही लिहून ठेवलं नव्हतं, सगळं डोक्यात. सण झाला की शाळा सुरू होतात, बाग ओस पडते. बागेच्या आदल्या दिवशीच तिकडे पोचायचं. बागेजवळ एक लहानशी खानावळ आहे, वर खोल्या, मागे अंगण, अंगणात झोपाळा. त्या दिवशी काही म्हणजे काही करायचं नाही. सकाळी पोरांची पोटं भरायची, फाटक उघडताच आत जायचं आणि थेट होड्यांकडे. राजहंसाच्या आकाराच्या होड्या, एका होडीत दोघांपुरतीच जागा. पाण्याच्या पाटातून झाडांखालून हळूहळू जातात. पुढच्या होडीत नोएमी आणि सित्लाली. मागच्या होडीत इसाउरो आणि उरिएल.

"होडीत टेबल नसतं, कोमाद्रे. मी त्याला समोर दिसत राहीन, पण हाताला लागणार नाही. पाण्याची भीती वाटली तर तो कुणाला धरेल? जवळ असेल त्यालाच ना?" ती म्हणाली. "एकदा धरलं की झालं. बाकी पाळणे गेले खड्ड्यात. दुपारी खोलीवर येऊन झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने मागितली तर परत होडी."

मी तिच्यापुढे आणखी एक रिकामी पिशवी सरकवली. 

मग तिने पोराची तालीम सुरू केली. फुलांच्या लाकडी खोक्यात उरिएलला बसवायचं, खोका हातगाडीवर ठेवायचा आणि रोपांच्या रांगांमधून ढकलत न्यायचं. "ही होडी हं, हलायचं नाही." एक दिवस तिने हळूच बाजूला होऊन इसाउरोच्या हातात गाडी दिली. पोरगं पुढे तोंड करून खुशीत गात होतं, आई ढकलतेय असं समजून. इसाउरो श्वाससुद्धा जपून घेत होता. पार विहिरीपर्यंत गेले दोघं. परत आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते, आणि मी माझ्या बादलीत तोंड घातलं.

हे सगळं तिने सासरच्यांपासून लपवून ठेवलं होतं, आणि ते बरोबरच होतं. इसाउरोच्या आईच्या घरात कुणी "कोपऱ्यावर जाऊन येतो" म्हटलं तरी चार जण चपला घालतात. ओफेलिया, म्हणजे त्याची बहीण, तर नुसती चपला घालत नाही, तिन्ही पोरांनाही घालते.

सणानंतरच्या रविवारी तिच्या सासूकडे, दोन्या एर्मिनियाकडे जेवण होतं. मीही होते. रस्सा वाढून झाला होता, तेवढ्यात सित्लालीने चमचा हवेत नाचवत जाहीर केलं, "आज्जी, आम्ही राजहंसाच्या होडीत बसणार आहोत! गुरुवारी!"

 ओफेलियाने भावाकडे पाहिलं. दोन्या एर्मिनिया ताटाकडे बघत राहिली. आणि नोएमीच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीही चला ना, आई. होईल जागा."

आता हे आमच्याकडे म्हणायचंच असतं. समोर कुणी असताना तोंडात घास घालायचा तर आधी "घ्या ना" म्हणायचं, आणि समोरच्याने "जेवा तुम्ही, पोटभर जेवा" म्हणायचं. कुणी खरंच ताटात हात घालत नाही. "घर तुमचंच आहे" असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, म्हणून कुणी गाठोडं घेऊन राहायला येत नाही. आणि दोन्या एर्मिनिया तर नाही म्हणण्यात सगळ्या गल्लीत पटाईत. तिला खुर्ची दिली तरी आधी "नको गं, उभी बरी आहे मी" म्हणते. तिने "तुम्हीच जाऊन या, पुढच्या वेळी बघू" म्हटलं असतं, नोएमीने आणखी एकदा आग्रह केला असता, आणि विषय संपला असता.

दोन्या एर्मिनियाने चमचा खाली ठेवला. "येते," म्हणाली. "पुएब्लाच्या पुढे मी कधी गेलेच नाही. कुणी विचारलंच नाही."

नोएमीचा चेहरा मी पाहिला. इसाउरोचाही पाहिला, आणि तो आनंदाने उजळला होता. आई येणार म्हणून! त्याला तरी काय बोलणार? तोही वर्षातून एकदाच भेटतो तिला.

"आई एकटी कशी येईल? तिला धरायला कुणी नको?" ओफेलिया म्हणाली. "मला यावंच लागणार. पोरांची शाळा बुडेल, पण आता इलाज नाही."

दुसऱ्या दिवशी मी नोएमीला फैलावर घेतलं. "तोंडाला कुलूप घालता येत नव्हतं? एवढे दिवस कुणाला वास लागू दिला नाहीस, आणि शेवटी तूच आमंत्रण दिलंस?"

"समोर बसल्या होत्या हो. न म्हणता कशी राहू?"

"मग आता सांग, खोली मिळत नाही म्हणून."

"सांगितलं तर 'बरं' म्हणतील," नोएमी म्हणाली. "आणि पुन्हा कधी कुठे येते म्हणणार नाहीत. मरेपर्यंत."

 मला त्या म्हातारीचा राग आला होता, आणि राग येतोय याची लाजही वाटत होती.

पुढचं मला नोएमीनेच सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी, कितीतरी दिवस. ओफेलियाने घेतलेल्या मोलेच्या दाट रश्शाच्या पातेल्याला गाडीत सीट मिळाली आणि सित्लालीला मांडी. अंगणातला झोपाळा ओफेलियाच्या पोरांनी पहिल्याच तासात तोडला. सकाळी दोन्या एर्मिनियाची शाल सापडेना, मग गोळ्या सापडेनात, आणि बागेत शिरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. होड्यांपाशी पोचताच तिन्ही पोरांनी उड्या मारल्या, त्यातल्या थोरल्याने "ये रे" म्हणून उरिएलला आपल्या होडीत ओढलं, आणि पोरगं हसत हसत बसलंसुद्धा. ना पाण्याची भीती ना कसली. मागच्या होडीत इसाउरो आणि त्याची आई. म्हातारीने त्याचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"त्या इतक्या हसत होत्या, कोमाद्रे," नोएमी मला म्हणाली. "तोंडावर शाल न घेता, पोरीसारख्या. मी काठावर पातेलं धरून उभी. मला ओरडून रडावंसं वाटत होतं, आणि मी त्यांना हात करत होते."

त्यानंतर, ओस असेल म्हटलेल्या त्या बागेतही रांग वाढली. उरिएलची झोपेची वेळ टळून गेली, डोळे लाल झाले, रडं सुरू झालं. नोएमीने अजूनही आशा सोडली नव्हती. ती इसाउरोला म्हणाली, "तू नि उरिएल रांगेत उभे राहा, एकदा तुम्ही दोघंच जाऊन या." पण नेमकं तेव्हाच दोन्या एर्मिनियाला संडासला जायचं होतं. तिचे पाय लटपटत होते, ओफेलिया पोरांमागे धावत कुठे तरी निघून गेलेली. नोएमी सासूला धरून गेली.

आई चालली हे पाहून उरिएल मागे धावला. गर्दीत हरवेल म्हणून इसाउरोने त्याला पाठीमागून उचललं. आणि पोराने जो आकांत मांडला! हातपाय झाडतोय, बापाच्या मनगटाला चावतोय, "सोड मला! आई! सोड!" लोक वळून बघायला लागले. बागेचा रखवालदार आला.

"पोरगं खाली ठेवा आधी."

"माझा मुलगा आहे हो."

"असेल. खाली ठेवा."

इसाउरोने खाली ठेवलं. एका अनोळखी बाईने लगेच उरिएलचा हात धरून त्याला आपल्यामागे घेतलं. रखवालदार गुडघ्यावर बसला. "बाळा, घाबरू नको. हे कोण आहेत?"

उरिएलचे हुंदके थांबत नव्हते. "तो माणूस," तो म्हणाला.

"कुठला माणूस?"

"घरी आलाय तो."

इसाउरोच्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये या पोराचे ढीगभर फोटो. ते दाखवायचं त्याला सुचलंच नाही. नोएमी सासूला घेऊन परत येईपर्यंत तो तसाच उभा होता, भोवती माणसांचा वेढा, हात शरीरापासून लांब धरलेले, सगळ्यांना दिसतील असे. रखवालदाराने मग माफी मागितली. "नाही हो, बरोबर केलंत तुम्ही," इसाउरो म्हणाला. त्यानंतर त्याने सगळ्यांसाठी भाजलेली कणसं आणली. उरिएलचं कणीस त्याने नोएमीच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर त्याने तिला एवढंच विचारलं, "तो मला असंच म्हणतो का? तो माणूस?"

"लहान आहे रे," ती म्हणाली.

जायच्या दिवसापर्यंत त्याने पोराला उचलायचा पुन्हा प्रयत्न केला नाही. पोरगं टेबलाखाली गेलं की हा आपणच उठून बाहेर जायचा, म्हणजे त्याला बाहेर येता यावं.

बस स्टँडवर मीही गेले होते. दर वर्षी तिथे रडारड असते. इसाउरोने आईपुढे गुडघे टेकून आशीर्वाद घेतला, सित्लालीचे मुके घेतले, नोएमीला मिठी मारली, आणि तिच्या कडेवरच्या उरिएलकडे नुसतं बघितलं. मग आत जाऊन खिडकीपाशी बसला. बस हलली. आणि कुणी न सांगता उरिएलने हात वर केला. खांद्यापासून हलवायला लागला. "आदिओस! आदिओस!" म्हणून ओरडला, सगळं तोंड भरून हसला.

इसाउरो सीटवरून उठून उभा राहिला. दोन्ही तळवे काचेला लावले. हसत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. बस चौकात वळेपर्यंत तो तसाच उभा होता.

बस दिसेनाशी झाली तसं उरिएलने आईचं तोंड आपल्याकडे वळवलं. "गेला ना तो? आता नाही ना येणार?"

"नाही," नोएमी म्हणाली.

तो कडेवरून घसरून खाली उतरला आणि पुढे पळत सुटला. त्या पोराचा काय दोष! पण त्या क्षणी मला त्याच्याकडे बघवेना.

संध्याकाळी आम्ही गाळ्यावर पडदे सोडत होतो तेव्हा इसाउरोचा फोन आला. नोएमीचे हात मातीने भरलेले, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकून कुंड्यांवर ठेवला, आणि मलाही सगळं ऐकू आलं. बस कुठे तरी जेवायला थांबली होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"पाहिलंस तू? त्याने हात केला मला! आपणहून केला!"

"पाहिलं," नोएमी म्हणाली.

"म्हणजे सहल वाया नाही गेली गं. मी उगाच मनाला लावून घेतलं. पुढच्या वर्षी परत जाऊ या. आईलाही नेऊ, सगळेच जाऊ."

नोएमीने हातातलं रोप मातीत बसवलं, भोवतीची माती अंगठ्याने दाबली.

"जाऊ," ती म्हणाली. "तू आधी जेवून घे, बस सुटेल."