वर चिकटवलेली वाट

ऑफिसात सगळे त्याला दाजी म्हणत. दवाखान्याच्या ॲपवरून आलेली मागणी कुठल्या वाटेनं न्यायची, ते सर्व्हरवर जावास्क्रिप्टमध्ये लिहिणं हे त्याचं काम. सर्व्हर त्या वाटा वरून खाली वाचतो आणि पहिली जुळेल तिकडं मागणी ढकलून मोकळा होतो.

त्या दुपारी दाजीनं ‘पेशंट/कोणताही नंबर’ ही नवी वाट ॲम्ब्युलन्स बोलावणाऱ्या ‘पेशंट/तातडी’च्या वर चिकटवली.

“तपासलंस का रे?” सायबिणीनं विचारलं.

“दोन ओळी तर आहेत. त्यात काय तपासायचं, डोंबल?”

संध्याकाळी त्याच्याच आईच्या छातीत कळ आली. बायकोनं त्याच ॲपवरचं तातडीचं बटण दाबलं. सर्व्हरनं ‘तातडी’ हाच पेशंटचा नंबर धरला आणि उत्तर दिलं, असा पेशंट नाही. ती बटण दाबतच राहिली. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीत घातलं, तर म्हातारीनं वाटेतच मान टाकली.

घरी आल्या आल्या बायकोच्या फोनवरचं ‘असा पेशंट नाही’ वाचून दाजीनं लॅपटॉप उघडला.

“आज तरी मिटा की ते मढं!” बायको ओरडली.

“आत्ता दुसऱ्या कुणाची आई अडकली असेल,” म्हणत त्यानं ती वाट उचलून ‘तातडी’च्या खाली टाकली.

“मेल्या नेटनं घात केला हो,” बायको रडत म्हणाली. दाजीनं होकाराची मान डोलावली.