पुलावरून दिसणारी छपरं

ऊन तापायच्या आत आमच्या वस्तीतली टिनाची छपरं पांढरी रंगवायची, म्हणजे घरं थंड राहतील, म्हणून एक सुपरवायझर आला होता. हा स्वतः दिवसभर शेजारच्या उड्डाणपुलावर, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, मोबाइल डोळ्यांपुढे धरून उभा. तो बोट दाखवेल तेच छप्पर माणसं रंगवायची.

खाली उतरला तेव्हा शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काहून गा भाऊ, माह्या टिनाले रंग नाही लावला?"

लहान मुलाला समजवावं तसं तो म्हणाला, "आजी, तुमचं टीन पुलावरून दिसून नाही राहिलं ना. मंग रंगवून काय फायदा?"

पुलावरून आमची वस्ती आता थंडगार दिसते. म्हातारी दुपारभर त्याच पुलाखाली सावलीत बसते. तीही वरून दिसत नाही.