निळ्या कापडातले तीन ग्रंथ

ते गृहस्थ फ्रीमेसन होते, म्हणजे सगळ्या धर्मांच्या माणसांना भाऊ मानणाऱ्या मंडळातले. अकोल्यातल्या माझ्या बाइंडिंगच्या दुकानात गीता, कुराण आणि बायबल घेऊन आले.

"तिन्हीले एकच निळं कापड लावा, चाचा. आमच्या टेबलावर कोनी लहान-मोठं नाई."

प्रत्येक ग्रंथ उचलण्याआधी रुमालाने बोटं पुसत. माझा चहा प्याले, करुणेवर खूप बोलले. बोलता बोलता म्हणाले, घराचा वरचा मजला रिकामाच आहे.

मी विचारलं, "माह्या पोरीले भाड्यानं देता का?"

हातात ग्रंथ नव्हता, तरी त्यांनी बोटं पुसली. "माह्यं काई नाई हो चाचा, पण शेजारी ऐकत नाईत."

मी तिन्ही ग्रंथ एकसारखे बांधून दिले. गीतेच्या शेजारी कुराण ठेवताना त्यांनी कोणत्या शेजाऱ्याला विचारलं असेल?