बॅरलवरचं लेबल

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. केमिस्ट्रीत बीएस्सी झालो, साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागलो. त्याचा मला गर्व होता, लपवत नाही.

बहीण जतकडं दिलेली. टँकर आठवड्यातनं एकदा यायचा. तिला तिसरा महिना होता, तरी घागरी तीच उचलायची. म्हणून कंपनीतनं रिकामं झालेलं एक निळं बॅरल मी टेम्पोत घालून तिच्या दारात नेलं. सोड्यानं तीनदा धुतलं. लेबल ब्लेडनं खरवडून काढलं. बहिणीच्या दारात वस्तू नवी दिसावी, एवढंच डोक्यात.

टँकर येऊन बॅरल भरलं, तशी तिची सासू वाकून म्हणाली, "वास मारतुय ह्याचा."

"न्हाई आवं मावशी. माझं शिक्षणच ह्यातलं हाय."

"मग तूच पी की आदी."

मी तांब्याभर प्यालो. सगळी हसली. मला काहीच झालं नाही.

भाची झाली. रडायची नाही, नुसती झोपून असायची. लय गुणाची पोर, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. वर्ष झालं तरी बसेना, तेव्हा सांगलीला नेलं. रक्त तपासलं, थायरॉइड फारच कमी. डॉक्टर म्हणाले, पोटात असताना आणि जन्मल्यावर पहिले काही महिने मेंदू या हार्मोनवर वाढतो. आता गोळीनं अंग वाढेल, मागचं सगळं भरून येणार नाही.

मी बॅरलचं सांगितलं. काही रसायनं थायरॉइडचं काम अडवतात, ते म्हणाले. मोठा माणूस निभावून नेतो, पोटातल्या जीवाला ते जमत नाही. "बॅरलमुळंच झालं असं मी म्हणणार नाही. नाही झालं, असंही म्हणणार नाही. त्यात होतं काय?"

तेच मला माहीत नाही. कंपनीच्या स्टोअरमध्ये विचारलं, तर तसली बॅरलं रोज निघतात म्हणाले. नाव लेबलवर होतं.

भाची आता पाच वर्षांची आहे. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. मी गेलो की बहीण तिला माझ्यापुढं उभी करते. "मामा म्हण. मामा." ती माझ्या तोंडाकडं बघत राहते.

"दादा, तू शिकलेला हायस. बोलंल न्हवं ही?"

"बोलंल की," मी म्हणतो. वास न्हाई म्हणताना होता, तोच आवाज निघतो.