सून पुरण्याची जागा

सुनेला न्हाणीघरात पुरणे ही चूकच होती, हे माझे मत आजही कायम आहे.

मत सिनेमाविषयी होते. (एवढे एक वाक्य त्या दुपारी वेळेवर उच्चारले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.) नांदेडचा उन्हाळा, पडदे ओढून घरात आणलेला काळोख, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा मंद हिरवा गंध आणि समोर रबरी हातांची एक चेटकीण! पडलेला सिनेमा शिकलेल्या माणसांनी उचलून धरला की त्याला 'कल्ट' म्हणतात, असे माझ्या मुलाने, समीरने, मला समजावले होते. त्या न्यायाने माझे दोन्ही कवितासंग्रह कल्टच आहेत. शिकलेली माणसे तेवढी यायची आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी औशाहून मुलीचे आईवडील आमचे घर पाहायला येणार होते. आधीची स्थळे घर न पाहताच गळाली होती, त्यामुळे समीर हळवा झाला होता. मिठाई आणायला निघताना त्याने चक्क हात जोडले.

"आई, पाहुण्यांसमोर कविता तेवढी म्हणू नको."

मी शब्द दिला आणि पाळलाही! कवितेची एक ओळ तोंडातून निघाली नाही.

मदतीला माझ्या मोठ्या जाऊबाई, अक्का, अहमदपूरहून आल्या होत्या. पोह्यांची तयारी आटोपली, वेळ हाताशी होता, म्हणून आम्ही सिनेमा लावला. आमचा कूलर सुरू असला की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. ऐन रंगात वीज गेली. टीव्ही इन्व्हर्टरवर चालत राहिला. कूलर थांबला, दारावरची बेल मुकी झाली. आमचा आवाज मात्र होता त्याच पट्टीत राहिला.

"सासू लई कच्ची हाय गं!" अक्का गरजल्या. "पुरायच्या आधी मेली का न्हाई, बघू नये?"

"घाई, अक्का, घाई! आणि न्हाणीघरात कुणी पुरतं का? फरशी उखडली की शेजाऱ्यांना कळणारच. अंगणात लिंबाखाली माती किती भुसभुशीत असते!"

"हाव! वर मोगरा लावायचा. कुनाला शंका येत न्हाई."

"पहिल्या सुनेच्या वेळी हिनं सगळं किती नीट केलं होतं! दुसरीच्याच वेळी हात का थरथरावा?"

औशाचे पाहुणे लवकर पोचले होते. न वाजणारी बेल दाबून ते कूलरच्या खिडकीपाशी उभे होते. (त्यांनी दारही ठोठावले म्हणे. आम्हाला ते सिनेमातले वाटले.) तिथून आमच्या अंगणातला लिंब स्पष्ट दिसतो. त्याच्याखाली मी आदल्याच दिवशी माती उकरून रोप लावले होते. मोगऱ्याचे.

समीर परतला तेव्हा पाहुणे फाटकाबाहेर पडत होते. मुलीच्या वडिलांनी पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

"काका, निघालात कुठं? घर पाहिलं का?"

"पाहिलं न्हाई, ऐकलं," ते म्हणाले. "झालं आमचं."

समीरने त्यांना जवळजवळ ओढतच आत आणले. दार उघडले त्या क्षणी पडद्यावर फरशी फोडून रबरी हात वर येत होता आणि मी ओरडत होते, "बघा! सांगितलं नव्हतं?"

मुलीच्या आईंनी टीव्हीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा टीव्हीकडे पाहिले आणि त्या सावकाश खुर्चीच्या कडेवर टेकल्या. समीरचा संसारही त्याच कडेवर टेकला होता.

"न्हाणीत पुरलं व्हय?" त्या अखेर म्हणाल्या. "पाणी मुरत असतंय की तिथं. चुकलंच हिचं." आणि नवऱ्याकडे वळून, "बसा हो! आपल्या पल्लवीलाबी ह्याचंच येड हाय."

पल्लवी आमच्या घरी येऊन आता वर्ष होत आले. दुपारी आम्ही दोघी कूलरसमोर बसतो. भूत कितीही विद्रूप असो, तिची पापणी लवत नाही. फक्त मी चष्मा पुसून नवी कविता वाचायला घेतली, की तिच्या चेहऱ्याचा रंग उडतो.

"आई," ती हळूच म्हणते, "त्यापेक्षा एखादी चेटकीण लावा ना."